रिव्हर्सचा हट्ट धरू नये

गाडीचा क्लच बदलल्यावर गिअर पडेनासे झाले तर बिघाड गाडीत नसतो, तो गाडीवाल्याच्या डाव्या पायात असतो. हे शास्त्र मला माझ्या गॅरेजवाल्यांनी शिकवलं. त्याआधी माझा डावा पाय त्याच गाडीच्या त्याच पॅडलवर कित्येक वर्षं नांदला होता आणि त्याच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. जुना क्लच पार झिजला होता, कात्रजच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी काही वेग घ्यायची नाही, हे खरं. पण गिअर मात्र पुढचे पाच आणि मागचा एक असे सगळेच्या सगळे, सांगितल्या क्षणी पडत. मग नवा क्लच बसला आणि माझा पाय बिघडला. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हाव्यात हा केवळ योगायोग आहे, असं गॅरेजचं म्हणणं पडलं. मी योगायोगांचा आदर करतो.

तक्रार मुद्देसूद असावी म्हणून लक्षणं नोंदवतो. इंजिन बंद असताना ही गाडी आदर्श आहे. सहाही गिअर दोन बोटांनी पडतात. फक्त प्रत्येकाचा पत्ता बोटभर सरकला आहे, त्यामुळे पहिला शोधायला गेलेल्या हाताला कधीकधी तिसरा भेटतो. तो पाहुणा मानून घेतला की झालं. चावी फिरवून इंजिन सुरू केलं की मात्र तिचा स्वभाव पालटतो. पहिला गिअर बराच वेळ दांडा रेटून धरल्यावर, उपकार केल्यासारखा पडतो. पडला की क्लच तळापर्यंत दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू बघते. रिव्हर्स तर पडतच नाही. तिथे खर्रर्र असा आवाज येतो, सोसायटीतली कबुतरं उडतात आणि तळमजल्यावरचे काका पेपर बाजूला ठेवून गॅलरीत येतात. थोडक्यात, सुरू न करता वापरली तर गाडीत कसलाही दोष नाही.

गाडी ताब्यात देताना गॅरेजच्या मालकांनी पॅडल मला दाबून बघायला लावलं होतं. "बघा काका, एकदम मक्खन." पॅडल खरोखरच मऊ झालं होतं. झिजलेल्या क्लचचं पॅडल जड होत जातं आणि नवा सेट बसवल्यावर ते हलकं लागतं, हे कोणीही सांगेल. पण माझं पॅडल हलकं नव्हतं, पोकळ होतं. अर्ध्या वाटेपर्यंत ते कशालाच लागत नव्हतं आणि क्लच पकडायचा तो अगदी तळाशी, पाय जवळजवळ पूर्ण खाली असताना. हे मी बोलून दाखवल्यावर मालकांच्या चेहऱ्यावर, गिऱ्हाइकाला सुखही सोसत नाही, असा भाव आला.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा निदान तयारच होतं. "नवीन आहे ना काका. थोडं रनिंग होऊ द्या, सेट होईल."

या वाक्यात सत्याचा अंश आहे, आणि तोच त्रासदायक आहे. नवी क्लच प्लेट सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर घासून नीट बसते, तोवर गाडी सोडताना किंचित थरथर जाणवू शकते, घाईनं गाडी दामटू नये, हे सगळं बरोबर. पण हा सगळा प्रश्न प्लेट पकडते कशी याचा आहे. माझी तक्रार ती सोडत नाही याची होती. पकडायला शिकणारी प्लेट असू शकते. सोडायला शिकणारी प्लेट अजून कोणी बनवलेली नाही. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. त्यावर मला विचारण्यात आलं, "काका, क्लच पूर्ण दाबता ना?"

क्लचकडून आपली अपेक्षा तरी किती असते? इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील सतत फिरत असतं. त्याच्या आणि प्रेशर प्लेटच्या मधे क्लच प्लेट दाबून धरलेली असते आणि ही प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर खाचांमध्ये बसलेली असते. पाय दाबला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला मधोमध ढकलतं, प्रेशर प्लेट मागे सरते, मधली प्लेट मोकळी होते आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. प्रेशर प्लेट मागे सरते ती जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. इकडे पायाखाली पॅडल चार-पाच इंच जातं, तिकडे एवढीशी फट पडते. मधला सगळा व्यवहार माझ्या गाडीत तेलाच्या भरवशावर चालतो: पॅडलजवळचा सिलिंडर तेल ढकलतो, गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर ते तेल झेलून फोर्क हलवतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर तसाच्या तसा पोचतो. त्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पाय आधी बुडबुडा दाबतो. उरलेला जोर क्लचच्या वाट्याला येतो. दीड मिलिमीटरच्या संसारात बुडबुड्याचा वाटा फार मोठा असतो.

मग प्लेट अर्धवट मोकळी राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. पुढच्या गिअरना सिंक्रोच्या रिंगा असतात. त्या वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या दातांना आधी एका वेगावर आणतात आणि मगच जोडू देतात. म्हणून पुढचे गिअर कुरकुरत का होईना, पडतात. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ही सोय नसते. तिथे दात थेट दातात सरकवायचे असतात, आणि त्यातला एक फिरत असला की खर्रर्र. म्हणून प्लेट सुटत नसल्याची पहिली बातमी रिव्हर्स देतो. तो भांडखोर नाही, फक्त त्याला खोटं बोलता येत नाही. आणि "होईल सेट" म्हणून असंच चालवत राहिलं तर दर वेळी मार खातात त्या पुढच्या सिंक्रो रिंगा. त्या गेल्या की गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो. क्लचच्या खर्चानंतर गिअरबॉक्सचाही खर्च करून घेण्याचा हा एक मार्ग आहे. त्यासाठी गिऱ्हाइकाला फक्त संयम बाळगावा लागतो.

घरात प्रकरण पोचल्यावर सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. मेव्हण्यानं सांगितलं, "दाजी, रिव्हर्स टाकायच्या आधी क्लच भराभर दोन-तीनदा मारायचा, मग टाकायचा. पडतो." आणि पडला. घरात त्याचं वजन वाढलं. मी ही बातमी उत्साहानं गॅरेजला कळवली, कारण पॅडल भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर नळीत हवा आहे, असं मी कुठेतरी वाचलं होतं. भराभर मारण्यानं तेलाचा दाब तात्पुरता वाढतो, एवढंच त्यातलं रहस्य. मालकांनाही आनंद झाला. ते म्हणाले, "हां, मग तसंच करत जा ना काका." रोगाचं लक्षण हाच रोगावरचा इलाज ठरवण्याची ही पद्धत वैद्यकात अजून आलेली नाही.

तळमजल्यावरच्या काकांचा दृष्टिकोन ऐतिहासिक होता. त्यांनी उमेदीची वर्षं कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीवर काढली होती. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असायचा, आणि गिअर टाकणं ही कला होती, असं ते ज्याला-त्याला सांगतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा त्यांनी त्या दिवशी जेवायला उशीर केला होता. "तुम्हा लोकांना सगळं आयतं लागतं," ते म्हणाले. "दोनदा क्लच मारायला शिका." दोनदा क्लच मारणं म्हणजे आधी न्यूट्रलला आणून क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटरनं वेग जुळवायचा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. जुन्या ट्रकांवर हात बसलेल्या ड्रायव्हरांना हे येतं. इतर जगाला ते यावं लागू नये म्हणून 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला. त्यालाही आता शतक होत आलं. त्याच्याही आधी, 1891च्या सुमारास, इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागे गाडी ओढणारी चाकं ही मांडणी रूढ करणारा फ्रेंच गृहस्थ एमिल लेव्हासोर आपल्या गिअरबॉक्सबद्दल "रानटी आहे, पण चालतं" असं म्हणाल्याचं सांगतात. माझ्या गाडीबद्दल तेवढंही म्हणता येत नव्हतं. शिवाय दोनदा क्लच मारण्याला क्लच सुटण्याची पूर्वअट आहे, हे काकांना पटवण्यात एक रविवार गेला.

बायकोचं मत एका शब्दात होतं: ऑटोमॅटिक. भारतात स्वस्तातल्या ऑटोमॅटिक गाड्यांची सुरुवात 2014 साली मारुतीच्या सेलेरिओपासून झाली. तिच्यात क्लचचं पॅडल नसतं, पण क्लच प्लेट असते. पायाचं काम यंत्र करतं. म्हणजे ती प्लेटही झिजते, तीही बदलावी लागते आणि त्यासाठीही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. फरक इतकाच, की काम बिघडल्यावर गिऱ्हाइकाचा डावा पाय आरोपी म्हणून उपलब्ध नसतो. या गाड्या काही गॅरेजवाल्यांना मनापासून का आवडत नाहीत, याचा मला आता अंदाज आहे.

दरम्यान मी रिव्हर्सविना जगायला शिकलो. रिव्हर्स नसलेल्या माणसाला पुणे नव्यानं कळतं. मॉलच्या तळघरातलं पार्किंग वर्ज्य होतं. शनिवार-नारायणातल्या गल्ल्या वर्ज्य होतात, कारण तिथे समोरून गाडी आली की मागे कोणी जायचं हा प्रश्न निघतो, आणि तो वाहतुकीचा प्रश्न नसून अब्रूचा असतो. एकदा नाइलाजानं एका गल्लीत शिरलो आणि समोरून एक भलीमोठी गाडी आली. तिच्यातल्या गृहस्थांनी हातानं "मागे घ्या" अशी खूण केली. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हॉर्न दिला. मी शांत बसून राहिलो, कारण दुसरं काही करण्याजोगं नव्हतं. शेवटी तेच मागे गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. गल्लीतल्या एका दुकानदारानं मात्र ओट्यावरून मला दाद दिली. तत्त्वाचा माणूस म्हणून माझी त्या भागात थोडी कीर्ती झाली आहे. पुण्यात तत्त्वामागचं यांत्रिक कारण सहसा कोणी विचारत नाही.

सोसायटीत गाडी नेहमी भिंतीकडे तोंड करून लावायची पद्धत आहे. मी ती उलटी लावू लागलो, म्हणजे सकाळी सरळ बाहेर पडता येईल. पण उलटी लावायची तर आधी रिव्हर्स हवा. मग इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला घ्यायची, एक हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि खांद्यानं गाडी मागे ढकलायची. वॉचमन सुरुवातीला मदतीला धावायचा. पुढेपुढे त्याला त्याच वेळी गेटवर काम निघू लागलं. इंजिन बंद असताना रिव्हर्स टाकायचा आणि मग चावी फिरवायची, हाही एक प्रकार करून पाहिला. क्लच अर्धवट सुटत असल्यामुळे चावी फिरताच गाडी स्वतःच्या इच्छेनं मागे उडी घेते. सोसायटीच्या तुळशी वृंदावनाचा एक कोपरा या प्रयोगाच्या खर्चात धरलेला आहे. नवले पुलाच्या उतारावर रांग थांबली की माझा सगळा वेळ, पुढच्या गाडीवर ही जाऊन टेकणार नाही ना, या चिंतनात जायचा. सिग्नल जितका लांब तितकं चिंतन सखोल.

लक्षणं एवढी स्वच्छ असताना ती गॅरेजमध्ये का दिसत नाहीत? दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो, तसा गाडीचा बिघाड मेकॅनिकच्या हातात नाहीसा होतो. पण यालाही कारण आहे. मालकांच्या मुलानं गाडी सकाळी, इंजिन थंड असताना तपासली. थंड इंजिनावर त्रास कमी जाणवतो; तासभर रहदारीत तापल्यावर तो पूर्ण रंगात येतो. शिवाय मुलाचं वय पंचविशीच्या आतलं आणि मनगट माझ्या दुप्पट. त्यानं रिव्हर्स टाकला. टाकला म्हणजे गिअरबॉक्सला दुसरा पर्याय ठेवला नाही. आवाज झाला, गिअर पडला. "पडतो की काका!" तो म्हणाला. माझ्यासमोर पुरावा हजर होता. ज्याला पडतो त्याला पडतो. ज्याला पडत नाही त्यानं व्यायाम करावा.

मी दबक्या आवाजात सुचवलं, की इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहा, मग सुरू करून टाकून पाहा. बंद असताना पडतात आणि सुरू असताना पडत नाहीत तर प्लेट सुटत नाहीये, आणि बंद असतानाही अडकत असतील तर गिअरची केबल किंवा आतलं काही बघावं लागेल. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका; प्लेट खरोखर सुटली असेल तर शाफ्ट एव्हाना थांबलेला असेल, आवाज येणार नाही. दोन्ही चाचण्यांना मिळून मिनिटभर लागतं, अवजार एकही लागत नाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग अतिशय मृदू स्वरात विचारलं, "यूट्यूब बघता का काका?" गॅरेजमध्ये यापेक्षा मोठी शिवी नाही. तिच्यानंतर चहा मागवतात.

चहाच्या दरम्यान मी बिल पुन्हा वाचलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्लच बदलणं हे काम मोठं आहे, हे मी अमान्य करत नाही. बॅटरी काढायची, तिचा ट्रे काढायचा, गिअरचं ऑइल सोडायचं, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट ओढायचे, गिअरच्या केबल सोडायच्या, इंजिनाला खालून टेकू द्यायचा, माउंटिंग खोलायची आणि मग गिअरबॉक्स खाली घ्यायचा. जेवढं सुटं केलं तेवढं सगळं पुन्हा आपापल्या जागी बसलं पाहिजे. नवी प्लेट कोणत्या बाजूनं बसते याची खूण तिच्यावरच असते. ती उलटी बसली तरी गिअर पडत नाहीत. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी प्लेटवर लोंबकळलं तरी प्लेट वाकते आणि पुन्हा तेच. गिअर केबलच्या टोकाची क्लिप एक घर चुकली की पहिल्याच्या जागी तिसरा. जुनं गिअर ऑइल काढल्यावर नवं पूर्ण भरायला विसरलं तर त्याचा हिशेब वेगळाच. माझ्या बिलात क्लच सेट होता, लेबर होतं, ऑइल होतं आणि "कन्झ्युमेबल्स" नावाची एक रक्कम होती. ती कशाची, असं विचारल्यावर मालक म्हणाले, "कन्झ्युमेबल्स." एअर काढल्याचा उल्लेख बिलात नव्हता. जे बिलात नाही ते केलं नसावं, हा माझा तर्क ते मान्य करत नव्हते. त्यांच्या मते ते केलं होतं, पण माणुसकीनं लावलं नव्हतं.

आता या माणुसकीविरुद्ध कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020पासून लागू आहे. पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीत कसूर राहिली तर ती सेवेतली त्रुटी, आणि तिच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. वकील लावायची सक्ती नाही, तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल होते. कायदा माझ्या बाजूनं इतका मोकळेपणानं उभा राहिलेला पाहून मला गहिवरून आलं. मग लक्षात आलं, की माझ्याकडचं बिल हे कोऱ्या कागदावरची बेरीज आहे. पक्कं हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल, असं मला आधीच सुचवण्यात आलं होतं. आणि काम चुकलं आहे असा लेखी अभिप्राय दुसऱ्या एखाद्या जाणकारानं द्यायला हवा. असे जाणकार पुष्कळ आहेत. तोंडी ते सगळे पहिल्या गॅरेजबद्दल अत्यंत सविस्तर बोलतात. कागद पुढे केला की त्यांना पेन सापडत नाही.

त्यातल्याच एकाकडे शेवटी गाडी नेली. नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांमागे, एका शटरच्या उंचीचं त्यांचं गॅरेज. त्यांनी मला काही विचारलं नाही. आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाकले, मग सुरू करून टाकले, मग पॅडल दोनदा भराभर मारून टाकले. मी यूट्यूबबद्दल चकार शब्द काढला नाही. बोनेट उघडून ते खाली वाकले आणि म्हणाले, "पाइप कशाला खोलला यांनी?" गिअरबॉक्स उतरवताना क्लचचा खालचा सिलिंडर दोन बोल्ट काढून, नळीसकट तारेनं बाजूला टांगून ठेवता येतो, तेलाला हात लावावा लागत नाही. इथे कोणी तरी सोयीसाठी नळीच सोडवली होती, आणि नळी सोडवली की हवा आत येतेच. ती काढायला एक मुलगा पॅडलवर बसला आणि एकजण खाली निपलपाशी. "दाब. धर. सोड." नळीतून फेसाळ तेल आलं, मग बुडबुडे आले, मग निव्वळ तेल आलं. वर नवं ब्रेक ऑइल भरलं; क्लचला तेच लागतं. केबलची क्लिप काढून, दांडा न्यूट्रलला धरून, पुन्हा बसवली. पहिला पहिल्याच्या घरी गेला, तिसरा तिसऱ्याच्या. रिव्हर्स दोन बोटांनी पडला, आवाज न करता.

मला थोडी निराशा झाली, हे नोंदवायला हवं. इतके दिवस ज्या दुखण्यानं माझा दिनक्रम, माझे रस्ते, माझी शेजाऱ्यांतली प्रतिष्ठा आणि सोसायटीचं वृंदावन बदलून टाकलं, त्याचं कारण काही तरी भारदस्त असावं अशी माझी अपेक्षा होती. निघाला बुडबुडा. आणि त्याचे पैसेही इतके कमी झाले, की घरी सांगताना मी ते थोडे वाढवून सांगितले.

पहिल्या गॅरेजला मी हे सगळं जाऊन सांगितलं. भांडायला गेलो नव्हतो. शास्त्राची देवाणघेवाण व्हावी एवढाच हेतू होता. मालकांना मनापासून बरं वाटलं. "बघा, मी म्हणालो होतो ना, सेट होईल." मग त्यांनी मोबाइल पुढे केला आणि गुगलवर पाच स्टार द्यायची विनंती केली. मी म्हटलं, विचार करतो. त्यांनी तो होकार धरला असावा.

माझी मागणी माफक आहे, आणि ती फक्त त्यांच्याकडे नाही, क्लच बदलणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. हमीपत्र नको, कन्झ्युमेबल्सचा खुलासा नको, पायाची चौकशी तर नकोच. गाडी परत देण्याआधी अर्धा तास रहदारीत चालवून तापवावी आणि मग गिऱ्हाइकाच्या देखत, इंजिन सुरू ठेवून, रिव्हर्समध्ये दारातून बाहेर काढून द्यावी. मागे आली तर पैसे घ्यावेत. नाही आली तर आमच्या पायाकडे न बघता गाडी पुन्हा आत घ्यावी. एवढ्यानं निम्म्या तक्रारी दारातच मिटतील, असं मी मालकांना सांगितलं.

त्यांना कल्पना आवडली. अडचण एकच होती. "रिव्हर्समध्ये काढायला जागा लागते ना काका. इथे कुठाय जागा?"

मी मागे वळून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. शटरपासून रस्त्यापर्यंत गाड्याच गाड्या उभ्या होत्या. नुकताच क्लच बदलून घेऊन गेलेल्या आणि सेट व्हायची वाट बघत थांबलेल्या.